मावशीचा संदेश आणि तुळशीची माळ

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुढे ढकलला. उभयलिंगी लोक ना धड स्त्री ना धड पुरुष, हे पाश्चात्त्यांचे खूळ, हे सगळे धर्मविरोधी डावे मतदार, आणि त्यांना दोन्ही चालत असल्यामुळे त्यांनी मुकाट्याने लग्न करून पापातून मोकळे व्हावे, असा त्याचा मथितार्थ. त्याच गटात माझी मामेबहीण आहे. ती उभयलैंगिक (म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांविषयी ओढ वाटणारी), विवाहित आणि माळकरी आहे, आणि मावशीला यातले काहीही नवीन नाही. बहिणीच्या संमतीनेच लिहितो आहे.

पहिला मुद्दा शाळेतच निकालात निघायला हवा होता. जास्वंदीचे फूल द्विलिंगी असते, कारण त्यात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. संदेशकर्त्याने तोच धडा माणसांना लावला. इथे प्रश्न शरीररचनेचा नसून ओढीचा आहे.

पाश्चात्त्य खुळाविषयी एवढेच सांगतो की, कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणातील नवव्या अध्यायात परस्परांवर विश्वास असलेल्या काही नागरकांच्या, म्हणजे शहरी रसिक पुरुषांच्या, आपसातील संबंधांची नोंद आहे, आणि त्या ग्रंथातला नागरक सहसा घरी पत्नी असलेला गृहस्थ असतो. मनुस्मृतीत पुरुषांच्या अशा संबंधांना प्रायश्चित्त सांगितले आहे, हे मान्य करावेच लागेल. पण तिच्या एका श्लोकात ते केवळ सवस्त्र स्नानाचे आहे. तुरुंगाची तरतूद १८६० च्या इंग्रजी कायद्याने आणली आणि सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरती ती रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

मतदानाच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. केंद्र सरकारने समलिंगी विवाहाला न्यायालयात विरोध केला, त्यामुळे अनेकांचा रोष समजण्याजोगा आहे. मात्र जानेवारी २०२३ मध्ये ‘पाञ्चजन्य’ या संघाशी संबंधित साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत खुद्द सरसंघचालकांनी अशी माणसे पूर्वीपासून आहेत असे सांगून जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला दिला होता, तेव्हा संदेशकर्त्याने आधी घरचे वाचावे. बहिणीची अडचण वेगळीच आहे: नातेवाईक तिला डावी ठरवतात, आणि पुरोगामी मित्रमंडळी तिच्या गळ्यातली माळ पाहून तिला प्रतिगामी ठरवतात, वर नवरा आहे म्हणजे ‘तू तर आमच्यातली नव्हेसच’ असेही ऐकवतात.

खरे विष संदेशातल्या शेवटच्या, लग्न करून मोकळे होण्याच्या सल्ल्यात आहे. जोडीदार निवडता येतो, ओढ निवडता येत नाही. लग्नाने ती पुसली जात असती, तर एकाही विवाहित पुरुषाची नजर परस्त्रीकडे वळली नसती. म्हणूनच माळ घालताना वारकरी ओढ नसल्याची शपथ घेत नाही, आचरणाचे नेम घेतो: मद्य-मांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, परस्त्री वा परपुरुषाचा संग नको. बहिणीने यांपैकी कोणता नेम मोडला, तेवढे मावशीने गटावरच लिहावे.