दीड हजारात माज येतो म्हणे

आज भिशीत मी तोंड शिवून बसले. यजमानीण जुनी मैत्रीण, तिच्या घरात वाद नको म्हणून. घरी येऊन स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका, राग नाही.

इथे इंदूरला सुदामा नगरात जमलो होतो. साबुदाण्याची खिचडी, वर शेव-मिक्श्चर, सगळं नेहमीसारखं छान. विषय निघाला कामाच्या बायकांचा, तो निघतोच. एक म्हणाली, तिची बाई हल्ली रविवारी येत नाही, सरळ सांगते की रविवारी सुट्टी. त्यावर दुसरी लगेच, "लाडली बहनाचे दीड हजार पडतात ना खात्यात! माज आलाय. फुकटचं मिळायला लागलं की हातपाय कोण हलवणार?" सगळ्या हसल्या. आत त्या घरची बाई बशा विसळत होती. नळ चालू होता तो बंद झाला आणि बराच वेळ बंदच राहिला. कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

लाडली बहना म्हणजे मध्य प्रदेश सरकार दर महिन्याला बायकांच्या खात्यात पैसे टाकतं ती योजना. दीड हजार. म्हणजे दिवसाचे पन्नास. छप्पन दुकानला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, आपण दोघी गेलो तर पन्नासात चाट खाऊन उठता येत नाही, आणि या पन्नासात म्हणे माज येतो. बरं, माज कसला, तर आठवड्यातून एक सुट्टी. आपले नवरे शनिवार-रविवार सोफ्यावर लोळतात त्याला आपण काय म्हणतो?

"हातपाय कोण हलवणार" हे वाक्य मी पहिल्यांदा १९९२ साली ऐकलं. तेव्हा ते आमच्याबद्दल होतं.

बाबा मिलमध्ये होते. कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही. इंदूरच्या मिल एकामागून एक कशा बसल्या ते तुम्हा सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी बघितलेलं आहे. पगार थांबला. आम्ही दोघी बहिणी शाळेत. दर आठवड्याला नवी अफवा, की मिल पुढच्या महिन्यात सुरू होतेय. माझा मामा जळगावकडे प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्याने आईला दर महिन्याला दोनशे रुपयांची मनीऑर्डर सुरू केली. पगार झाला की पाठवायचा, सात तारखेच्या आसपास पोस्टमन दारात. आई सही करायची, पोस्टमन नोटा मोजून द्यायचा आणि फॉर्मचं खालचं कुपन फाडून तिच्या हातात ठेवायचा. बाबा तेवढा वेळ आतल्या खोलीत. कुपनावर मजकुराला दोन ओळींची जागा असायची. मामा लिहायचा, "इकडे सर्व खुशाल." मागच्या महिन्याचे कशावर घातलेस, हा प्रश्न त्या दोन ओळींत कधीच आला नाही.

आणि मामीच्या माहेरचं कुणीतरी तिच्यासमोर मामाला म्हणालं होतं, "मेव्हण्याला असं घरबसल्या पोसलंस तर तो कशाला हातपाय हलवेल?" हे आमच्यापर्यंत आलं. असली वाक्यं कुठेही बोललीत तरी ज्याच्याबद्दल असतात त्याच्यापर्यंत बरोबर पोचतात, हेही भिशीवाल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावं.

दोनशेत चार माणसांचं भागत नव्हतं, उघड आहे. पण त्या दोनशेला तारीख होती. त्याआधी आई मालवा मिलच्या बाजारात किराणावाल्या सेठकडे जायची आणि म्हणायची, "पैसे आले की देते." सेठ खालच्या पोत्यातली कणी तोलायचे, तीही अर्धा किलो. मनीऑर्डर सुरू झाल्यावर ती म्हणायला लागली, "सात तारखेला देते." सेठने वही उघडली. तेच दुकान, तीच बाई. पैसे कमी असण्याची माणसाला सवय होते हो, पण कधी येतील तेच सांगता येत नसेल तर उधारीसुद्धा मिळत नाही. हे ज्यांच्या घरात एक तारखेला पगाराचा मेसेज वाजतो त्यांना कसं समजावू?

आता बाबांच्या हातापायांचं. त्याआधी ते मिळेल ते करत होते. कधी सियागंजात पोती चढव, कधी कुणाच्या गोदामावर रात्रपाळी. चूल पेटायची तर आज संध्याकाळी पैसे हवेत, मग दुसरं काही शिकायला सवड कुठली? मनीऑर्डरच्या भरवशावर त्यांनी ती ओझी सोडली आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात बिनपगारी शिकायला बसले. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि उस्ताद पोरगा वीस-बावीसचा. गावाकडून जळालेल्या पंपाच्या मोटरी यायच्या. जुनी तार उपसायची, खाचा साफ करायच्या, वेढे मोजत नवी तांब्याची तार भरायची, वर वॉर्निश. घरी आले की त्यांच्या शर्टाला वॉर्निशचा वास. पुढे त्याच कामावर आमचं घर उभं राहिलं. लोकांच्या भाषेत हा माणूस त्या काळात "मेव्हण्याच्या पैशावर बसून" होता.

तर मैत्रिणींनो, फुकटच्या पैशाने माणूस बसतो की उठतो, हे मला शिकवू नका.

आणि माझ्या घरचं सोडा. आपल्याच इंदूर जिल्ह्यात हे करून पाहिलेलं आहे. २०११-१२ मध्ये 'सेवा' या बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत सगळ्यांना, म्हणजे खरंच सगळ्यांना, दर महिन्याला रोख पैसे दिले. मोठ्या माणसाला दोनशे, लहान मुलामागे शंभर, वर्षभराने तीनशे आणि दीडशे. मुलांचे पैसे आईकडे. अट एकही नाही. शेजारची काही गावं बिनपैशाची ठेवली, तुलना करायला. शिवाय एका आदिवासी गावात वेगळा प्रयोग. काय झालं? दारूचा खर्च वाढला नाही. डाळ-भाजी वाढली, मुलींचं वजन सुधारलं, पोरी शाळेत टिकल्या. लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बी-बियाणं घेतलं, आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी सोडून आपल्या तुकड्यावर राबायला लागले. काम कमी नाही झालं, वाढलं. माझ्या बाबांनी पोती सोडून वाइंडिंग धरलं ते हेच. जगभरातून लोक या प्रयोगाचा दाखला देतात, आणि आपण इथे बसून खिचडी खात म्हणतो की बायका माजल्यात.

हो, कबूल आहे, योजना निवडणुकीच्या तोंडावर आली. जून २०२३ ला पहिला हजाराचा हप्ता आणि नोव्हेंबरात मतदान, मी काही दूधखुळी नाही. तिकडे महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण आणि नोव्हेंबरात मतदान, नंतर यादीत चक्क पुरुष सापडले. माझ्या पुण्याच्या वहिनीने ती बातमी मला हसण्याच्या इमोज्यांसकट पाठवली. राज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तेही खरं. पुढे.

"पैसे कशाला, रोजगार द्या." द्या ना! अडवलंय कुणी? रोजगार हमी बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रातच उभी राहिली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण जिच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर आहे ती त्या दिवशी खडी फोडायला कशी जाणार? तिला घरात धान्य आहे एवढी खात्री असेल तर ती पोराजवळ बसेल. माझी आई बसली होती माझ्याजवळ, मला कावीळ झाली तेव्हा. पोस्टमन नुकताच येऊन गेला होता म्हणून.

"मोबाईल रिचार्ज आणि पार्लरमध्ये उडवतात." बरं, उडवू दे. आईने एकदा मनीऑर्डर आली त्याच दिवशी आम्हा दोघींना रीगलला सिनेमा दाखवला. मध्यंतरात समोसा. सेठचे त्या महिन्यात थोडे राहिले. आईला इतकं खात होतं की तिने पोस्टकार्ड लिहून मामाला कळवून टाकलं. पुढच्या कुपनावर "सर्व खुशाल"च्या खाली मामाने लिहिलं, "कोणता सिनेमा?" हे लिहिताना आत्ता डोळे भरून आले. असा हिशेब विचारणारं माणूस सगळ्यांना मिळो.

मघाशी फार तावातावाने लिहिलं. भिशीतल्या मैत्रिणी वाईट नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी डबे याच घेऊन आल्या होत्या. समोर माणूस असलं की आपण चांगले असतो. यादीतलं नाव झालं की आपल्याला त्याची लायकी तपासायची असते.

आणि भिशी तरी आपण का लावतो ग? ठरलेल्या दिवशी, कुणासमोर हात न पसरता, एक रक्कम हातात यावी म्हणूनच ना? कुणी विचारतं का, तू त्यात सोन्याची चिप घेतलीस की नणंदेला साडी?

फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा टॅक्स माफ झाला तेव्हा आपल्याच ग्रुपवर लाडवांचे फोटो आले होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आता नवरे ऑफिसला जायचे बंद होतील. सरकारने आपले पैसे आपल्याकडे ठेवले की ती सवलत, आणि धुणंभांडी करणारीला दिले की फुकट. ती माचिसपासून साबणापर्यंत सगळ्यावर टॅक्स भरते, बरं का.

या सगळ्या योजनांची खरी खोट वेगळीच आहे. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत सगळ्यांना किमान उत्पन्न द्यावं का यावर अख्खं प्रकरण होतं, माणशी वर्षाला ७,६२० रुपये असा हिशेबही मांडला होता. २०१९ ला काँग्रेसने गरीब घरांना वर्षाला ७२ हजार देऊ म्हटलं, ते निवडणुकीबरोबर विरलं. उरले ते हे तुकडे आणि तुकड्यांच्या अटी. लाडली बहनाला लग्न झालेलं हवं. विधवा चालते, घटस्फोटित चालते, नवऱ्याने टाकलेली चालते. जिचं लग्नच झालं नाही ती चालत नाही. आमच्या गल्लीत एक जण आहे, आईला सांभाळत राहिली, लग्न राहून गेलं, शिवणकाम करते. तिला शून्य. २०२३ मध्ये दोनदा फॉर्म भरून घेतले, मग दार बंद. नंतर लग्न होऊन आलेल्या सुना बाहेरच. आणि सुरुवातीला दहा तारीख म्हणजे दहा तारीख होती, आता तीही पुढे सरकली आहे. तारीखच ढकलली तर उरलं काय? सेठला काय सांगायचं?

हक्काचा मोठा पैसा असून वेळेवर नसला की काय होतं, तेही या शहराने पाहिलंय. हुकमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. तिथल्या ४,८०० कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. कितीतरी जणांचे चेक मुलानातवंडांनी घेतले. मला विचाराल तर त्या कामगारांना १९९२ पासून महिन्याला थोडे थोडे जरी मिळाले असते ना, तर मालवा मिल ते परदेशीपुरा या पट्ट्यातल्या निम्म्या पोरांच्या शाळा सुटल्या नसत्या.

घराला एक किमान रक्कम, ठरलेल्या तारखेला, लग्न झालंय का, वय काय, हे न विचारता. श्रीमंताच्या खात्यात गेली तर टॅक्समधून परत घ्या, तेवढी यंत्रणा सरकारकडे नक्की आहे. मला एवढंच म्हणायचं होतं आणि त्यासाठी एवढं लिहिलं.

आता कामाचं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे पैसे जानेवारीपासून बंद झालेत. कारण साठ पूर्ण. साठीनंतर लाडली बहनातून नाव जातं. पुढे पेन्शन, ती महिना ६००, आणि तीही गरिबीरेषेचं कार्ड असेल तर. गुडघे जायच्या वयात दीड हजाराचे सहाशे. त्यात गंमत अशी की मावशी साठच्या नाहीतच. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६६, कार्ड काढताना कॅम्पातल्या माणसाने अंदाजे टाकलेली. त्यांचा सख्खा थोरला भाऊ कार्डावर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे! तारीख बदलायला जन्माचा दाखला नाहीतर मार्कशीट मागतात. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत आणि दाखला काढायचा कुणाला सुचला होता. परवा त्यांना घेऊन आधार केंद्रावर जाऊन आले, तिथे पुन्हा तीच कागदांची यादी हातात दिली. ग्रुपमध्ये कुणाचे मिस्टर नगरपालिकेत किंवा कलेक्टर ऑफिसात असतील, किंवा कुणी असं प्रकरण निस्तरलं असेल, तर कुठला कागद चालतो ते इनबॉक्समध्ये सांगा. शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी आहे, मी त्यांना घेऊन जाईन.