पगार वाढला, म्हणून कमी करून घेतला

परवा बाबांना फोनवर सांगितलं, "बोनस झाला, पण त्यातला निम्म्याहून जास्त मी घेतलाच नाही." सांगलीकडून काही क्षण नुसता पंख्याचा आवाज. मग, "कंपनीने दिला नाही, का तू घेतला नाहीस?"

"मीच नाही घेतला. पेन्शनमध्ये टाका म्हटलं."

"अगं, तुझं वय काय, पेन्शन काय! वेड लागलंय का?"

वेड लागलेलं नाही. पण हे समजवायला मला पाऊण तास लागला, आणि इथल्या आपल्या ग्रुपवर दर मार्चमध्ये पगार, पेन्शन आणि नर्सरीचा तोच गोंधळ असतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. हे इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड-वेल्सवाल्यांचं मुलांच्या तासांचं गणित वेगळं.

इथे एक लाख पौंडांची एक रेघ आहे. २०१० च्या एप्रिलपासून आहे तिथेच आहे. महागाई कुठून कुठे गेली, ही बाई जागची हललेली नाही. रेघ ओलांडली की आधी करमुक्त असलेल्या १२,५७० पौंडांना कात्री लागते, दर दोन पौंडांमागे एक पौंड. ४० टक्के कर, या कात्रीमुळे त्याचे होतात ६०, वर नॅशनल इन्शुरन्सचे (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) २. म्हणजे रेघेपलीकडच्या शंभरातले हातात ३८. १,२५,१४० ला करमुक्त रक्कम पूर्ण संपते, मग दर परत खाली येतो. हो, खाली. ज्याने हे आखलं त्याने शाळेत आलेख काढले नसावेत.

इथवर एक वेळ सहन होतं. जास्त कमावता, जास्त भरा. पण घरात लहान मूल असेल तर त्याच रेघेवर दुसरा खड्डा आहे. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून आठवड्याला ३० तास नर्सरी सरकारी खर्चाने, वर्षातले ३८ आठवडे. सप्टेंबर २०२५ पासून हे पूर्ण लागू झालं. शिवाय टॅक्स-फ्री चाइल्डकेअर: तुम्ही ८ पौंड भरा, सरकार २ घालतं, एका मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाचं जरी उत्पन्न लाखापलीकडे गेलं की त्या वर्षापुरतं दोन्ही बंद. तीन-चार वर्षांच्या मुलांचे सगळ्यांना मिळणारे १५ तास तेवढे राहतात. इथे उतार वगैरे काही नाही, सरळ कडा.

आणि हिशोब घराचा नाही, माणशी आहे! नवरा-बायको प्रत्येकी ९९ हजार कमावत असतील, म्हणजे घरात जवळपास दोन लाख, तर सगळं मिळतं. आमच्यासारखं, एकीचा एक लाख सहा हजार आणि दुसऱ्याचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, तर काही नाही. यात कोणतं सामाजिक न्यायाचं तत्त्व आहे ते मला कुणीतरी सांगावं.

आमच्या नर्सरीचं बिल डोळ्यांसमोर ठेवा. मुलगी दीड वर्षाची, पाच दिवस. वरच्या ओळीत पूर्ण फी १,७२०. खाली 'फंडेड अवर्स' म्हणून वजाबाकी, शेवटी ठळक अक्षरात ७९०. वजाबाकीची ती एक ओळ वर्षाला अकरा हजारांची आहे, वर टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचे शंभरेक कमी दोन हजार. म्हणजे तेरा हजारांच्या आसपास, तेही कर भरून उरलेल्या पैशांतले. तेवढे हातात येण्यासाठी पगार किती वाढायला हवा याचं गणित मी एकदा केलं आणि लॅपटॉप मिटून चहा टाकला.

म्हणून पेन्शन. रेघ मोजतात ती 'ॲडजस्टेड नेट इन्कम'ने, आणि त्यातून पेन्शनमध्ये घातलेली रक्कम वजा होते. माझा पगार ९४, बोनस १२, एकूण १०६ हजार. बोनसमधले सात हजार सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे पगार म्हणून हातात न घेता, थेट पेन्शनला वळवले. हातातले गेले तीन हजारांहूनही कमी, पेन्शनमध्ये पडले सात, नर्सरीचं बिल जिथल्या तिथे. हे ऐकल्यावर बाबांची ट्यूब पेटली. "म्हणजे आपलं मार्च एंडचं पीपीएफ!" अगदी तेच. फक्त इथे मार्च एंड ५ एप्रिलला असतो.

आता माझी फजिती. ९९ हजारांवर थांबले म्हणून मी निवांत. ४ तारखेला, ईस्टरचा शनिवार, मुलगी झोपल्यावर सहज सगळं एका वहीत मांडलं. इथल्या बचत खात्याचं व्याज ४६० पौंड. पहिलं पाचशेपर्यंतचं व्याज करमुक्त म्हणून मी ते सोडूनच दिलं होतं. पण कर नसला तरी या बेरजेत ते धरतात. (आयसा या करमुक्त बचत खात्यातलं धरत नाहीत.) आणि मग आठवली ती एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी. चौदा लाख रुपयांची, लग्नानंतर केलेली, सात टक्क्यांची. भारतात तिच्या व्याजावर कर नाही, त्यामुळे आपल्या डोक्यात ती 'करमुक्त' या कप्प्यात कायमची जाऊन बसलेली असते. पण अकरा वर्षं इथे राहणाऱ्या माणसाला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एफडीचं व्याज आठशे चाळीस पौंडांच्या आसपास. बेरीज एक लाख तीनशे.

तीनशे पौंडांसाठी तेरा हजार! नवरा म्हणाला, "बघू उद्या." उद्या म्हणजे ५ एप्रिल, वर ईस्टर संडे. मी त्याच रात्री स्वतःच्या सिप (SIPP, म्हणजे आपलं आपण चालवायचं खासगी पेन्शन; भारतातली एसआयपी नव्हे) खात्यात डेबिट कार्डाने ८०० भरले. त्यावर २०० पेन्शनवाले सरकारकडून आणतात, आणि बेरजेतून पूर्ण हजार वजा होतात. ९९,३००. पावतीचा ईमेल येईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभीच होते.

तेव्हा पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, कंपनीचे शेअर हातात पडले असतील तर ते, हे सगळं फेब्रुवारीतच मांडा. माझ्यासारखं शेवटच्या रात्री नको.

आणि ग्रुपवरच्या सल्लागारांना हात जोडून: सल्ला देण्याआधी समोरच्याचा व्हिसा विचारा. आईबापांपैकी एकाला तरी सरकारी निधीचा हक्क लागतो. दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर असतील तर आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) होईपर्यंत हे ३० तास त्यांना नाहीतच. अशा एका जोडप्याला आपल्याच माणसांनी वीस हजार पेन्शनमध्ये टाकायला लावले. कर वाचला हे खरं, पण ते टाकले होते नर्सरीसाठी, आणि घराच्या डिपॉझिटला आता पैसे नाहीत.

कारण ते पैसे अडकतात. सध्या वयाच्या ५५ पर्यंत, ६ एप्रिल २०२८ पासून ५७ पर्यंत. मी ३७ ची आहे. वीस वर्षं. मला ते चालतं, कारण आमचं घराचं कर्ज आवाक्यात आहे. ज्याचा निम्मा पगार हप्त्यात जातो त्याला 'टाक की पेन्शनमध्ये' म्हणणं सोपं आहे. पेन्शनमध्ये टाकायची वर्षाची ६०,००० ची मर्यादा त्याच्या काय कामाची? या वाटेने सवलत त्यालाच टिकवता येते ज्याला त्या पैशांवाचून भागतं. मला हेच खटकतं, आणि तरीही मी दरवर्षी हेच करणार आहे. माझी एक डॉक्टर मैत्रीण तर यातून बाहेरच पडली, पाचाऐवजी चारच दिवस काम करते. कुणाच्या तरी तपासणीची तारीख त्यामुळे लांबते, पण नियमाला ते दिसत नाही.

ही करचोरी नाही. ग्रुपवर डोळा मारून 'जुगाड' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कायद्यातच लिहिलेली वजावट आहे ही. सॅलरी सॅक्रिफाइसमधली नॅशनल इन्शुरन्सची सवलत एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांच्या योगदानापुरतीच राहणार आहे. उत्पन्न कराची वजावट मात्र तशीच आहे, त्यामुळे 'आता सगळं बंद होणार' असे फॉरवर्ड पाठवू नका.

बाबांनी शेवटी विचारलं, "मग यंदा पगारवाढ मागणार आहेस की नाही?" मागणार आहे. पण मुलगी शाळेत गेल्यावर.

शंका असतील तर कॉमेंटमध्ये विचारा. फक्त स्वतःच्या पगाराचा आकडा लिहू नका, माझ्या सासूबाई या पोस्टी वाचतात.