तरंगणारे अंतराळवीर पडतच असतात

सगळीकडे फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘हवा संपली की पृथ्वीची ओढही संपते, म्हणून अंतराळवीर तरंगतात. ओढ फक्त पृथ्वीसारख्या अजस्र गोळ्यालाच असते. प्रत्येक वस्तू दुसरीला ओढत असती, तर शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांना चिकटली नसती का?’

हवेचं आधी. हवा पृथ्वीला धरून आहे तीच मुळी गुरुत्वाकर्षणामुळे. तिच्यामुळे गुरुत्वाकर्षण नाही. इथे गाडी बैलापुढे जुंपली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. पण ओढ मोजायची ती पृथ्वीच्या केंद्रापासून: आपण ६,३७१ किलोमीटरवर, स्थानक ६,७७१ वर. अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने ओढ घटते, म्हणजे तिथेही ती इथल्या सुमारे ८९ टक्के उरते. तेवढा उंच मनोरा बांधता आला, तर त्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस काट्यावर ५३ किलो भरेल.

मग तरंगतात कसे? पडतात म्हणून. स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने आडवं धावतं आणि पृथ्वीकडे पडतही राहतं. ते जेवढं खाली येतं, तेवढीच गोल पृथ्वी त्याच्याखालून वळते. आतली माणसं त्याच्याबरोबरच पडत असल्याने पायाला टेकू जाणवत नाही. ओढ खरोखर शून्य असती, तर स्थानक सरळ रेषेत केव्हाच निघून गेलं असतं.

चिकटण्याचा प्रश्न मात्र मला आवडला; त्याचा हिशेब करता येतो. ६० किलोची दोन माणसं एक मीटरवर असतील, तर त्यांच्यातलं बल पाव मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या कणाच्या वजनाएवढं भरतं. खुर्चीचं घर्षण त्याला सहज पुरून उरतं. पण मोजता येत नाही असं नाही. हेन्री कॅव्हेंडिशने १७९७-९८ मध्ये तारेला टांगलेल्या आडव्या दांडीच्या टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले, शेजारी १५८ किलोचे मोठे आणले आणि दांडी किंचित वळलेली पाहिली. खोलीतली हवा हलू नये म्हणून तो बाहेरून दुर्बिणीने बघत होता! व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हीच ओढ सोन्याच्या जेमतेम ९० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मोजली.

राहिली ‘फक्त पृथ्वीच’. चंद्रही तिला तितक्याच बलाने ओढतो. दोघं एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तो पृथ्वीच्या पोटातच आहे, पण तिच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटर दूर.