दारावरचं साल म्हणजे चर्चचं वय नव्हे

वसई आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेचा बेटाचा भाग) इथल्या बहुतेक जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरात एक साल असतं. महोत्सवाची स्मरणिका निघाली की तेच साल मुखपृष्ठावर जातं, आणि समोरची वास्तू तेवढीच जुनी असं गाव धरून चालतं. पण ते साल बहुधा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, स्थापन झाल्याचं असतं. पहिली वास्तू, आज उभी असलेली वास्तू आणि तिचा दर्शनी भाग यांची सालं वेगळी असू शकतात. ग्लोरिया चर्च मूळचं माझगावचं, 1632 चं. भायखळ्याची आजची इमारत 1913 ची. माहीमच्या सेंट मायकलची परंपरा सोळाव्या शतकातली, पण इमारत 1973 ची. यात कमीपणा काहीच नाही, फक्त तसं स्पष्ट लिहायला हवं.

वसई 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. 1737 मध्ये साष्टी आणि मे 1739 मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. या दोन वर्षांत काही चर्च पडली, काही ओस पडली, काहींच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यातलीच. त्यामुळे एखाद्या चर्चचा इतिहास 'तेव्हापासून आजवर अखंड' असं लिहिण्याआधी 1739 नंतरच्या पन्नास वर्षांचा पुरावा हाती असलाच पाहिजे.

पुरावा भिंतीतच असतो. मनोरा आणि मुख्य भिंत जिथे मिळतात तो कोपरा बघा. दगड एकमेकांत गुंतलेले असतील तर दोन्ही एकाच वेळी चढलेत. वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसली, तर मनोरा मागाहून जोडलाय. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर 1865 नंतरचं, कारण मंगळुरात या कौलांचा कारखानाच त्या साली निघाला. कबरीच्या शिळांवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. फरशी बदलताना त्या उचलून दुसरीकडे बसवल्या जातात. मजकूर खरा, जागा खोटी. घंटेवरचं सालही फक्त घंटा ओतल्याचं.

सगळ्यात मोलाच्या म्हणजे स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या. स्नानसंस्कार आणि विवाहाची नोंद ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मसभेने 1563 मध्ये सक्तीची केली. जुन्या पोर्तुगीज नोंदी वाचताना हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे महिना. 7 च्या पुढे 'ब्रो' लिहिलेलं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर. या एका चुकीने कितीतरी वंशावळी दोन-दोन महिने सरकल्यात. आडनावावरून पोर्तुगीज वंश काढणं तर त्याहून वाईट. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचं (गॉडफादरचं) किंवा धर्मगुरूचं आडनाव सर्रास दिलं जायचं.

या वह्या लॅमिनेट करू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. जुनी लोहयुक्त शाई कागद खातच असते, त्यात प्लास्टिकमध्ये ओल कोंडली की पान काळं पडून तुकडे होतात. फोटो काढायचे तर वही पूर्ण उघडी दाबू नका. कणा तुटतो. दोन्ही बाजूंना उशी द्या, उजेड तिरका घ्या आणि कोरी पानं, पुठ्ठा, समासातल्या टिपा यांचेही फोटो घ्या. तारीख पडताळायला तेच कामी येतं.

आता सिमेंट. दगड-चुन्याची जाड भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून बाहेर टाकते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ती वाट बंद होते. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ आतच गोठतं, फुगतं आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपड्यासारखा सुटतो. सुटताना दगडाचा पापुद्राही घेऊन जातो. मग कंत्राटदार आणखी जाड सिमेंट सुचवतो! गिलावा चुन्याचाच हवा. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली गोड्या पाण्याची वाळू, एका वेळी बोटभरापेक्षा जाड थर नाही, आणि प्रत्येक थर कित्येक दिवस ओला ठेवायचा. घाईने वाळला की भेगा पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढूच नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची 1962-65 ची धर्मसभा) वेदी लोकांकडे वळली आणि बऱ्याच ठिकाणी मागची कोरीव लाकडी वेदी अडगळीत गेली. अडगळीतलं ते लाकूड जाळण्याआधी निदान मोजमाप आणि फोटो तरी घ्या. मागच्या बाजूला सुताराच्या खुणा असतात, कधी कधी सालही असतं.