रिटायर झालात? मग एक गंजकी एमजी घ्याच

निरोप समारंभ झाला, कार्डावर सतरा सह्या मिळाल्या, त्यातले नऊ जण कोण ते तुम्हाला आजही आठवत नाही. पेन्शनचा पहिला हप्ता आला. दोन आठवडे उशिरा उठून झालं, आणि तिसऱ्या सोमवारी सकाळी तुम्ही चहाचा कप घेऊन किचनमध्ये गेलात आणि बायकोला डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावायची असतात ते समजावून सांगायला लागलात. बास, हीच ती वेळ. तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघा आणि ताबडतोब जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार शोधायला लागा.

आता तुम्ही म्हणाल इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या माणसाला रिटायर झाल्यावर दुसरं काही करण्यासारखं नाही का. आहे ना. अलॉटमेंट, म्हणजे भाड्याचा भाजीचा तुकडा, घेऊन मेथी लावता येते, ती गोगलगायी खातात. मंडळाच्या कमिटीत शिरता येतं, तिथे आपल्यालाच खातात. गाडी बिचारी फक्त पैसे खाते, आणि तेही गुपचूप, गॅरेजचं दार लावून.

गाडी कुठली यावर फार डोकं चालवू नका, एमजीबी घ्या. १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डच्या जवळ ॲबिंग्डनच्या कारखान्यात ५ लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे मिळतात भरपूर, आणि स्पेअर पार्ट तर शेवटच्या वॉशरपर्यंत मिळतात. हाच खरा सापळा आहे. पार्ट मिळत नाही म्हटल्यावर माणूस कधीतरी हात टेकून सुटला असता, इथे सुटकाच नाही. त्या ५ लाखांतल्या ज्या धड राहिल्या त्या शहाण्या लोकांकडे आहेत आणि ते त्या विकत नाहीत, तुमच्या वाट्याला येणारी गाडी ही आधीच्या चार जणांनी रिटायरमेंटचा प्रोजेक्ट म्हणून घेतलेली असते. आणि रोडस्टरच घ्या बरं का, म्हणजे उघडी, पक्क्या छपराशिवायची; जीटी नको. जीटीला छप्पर असतं, मागे सामान राहतं, पावसात बसता येतं, थोडक्यात ती उपयोगाची गाडी आहे. आपल्याला उपयोगाची गाडी नकोय.

१९७४ च्या शेवटापासून अमेरिकेतल्या नियमांपायी हिला काळे रबरी बंपर लावले आणि अख्खी गाडी इंच-दीड इंच वर उचलली. त्यामुळे क्रोम बंपरवाल्यांची एक जात झाली आणि रबरवाल्यांची दुसरी. रविवारी सकाळी पबच्या मैदानात सगळे जमतात तेव्हा क्रोमवाले रबरवाल्यांकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मी सदाशिव पेठ सोडल्यावर थेट इथेच पाहिली.

गाडी बघायला शक्यतो संध्याकाळी जा. पाऊस असेल तर उत्तम, ओल्या गाडीचा रंग कसा नवा दिसतो. काही लोक खिशात लोहचुंबक ठेवायला सांगतात, त्यांचं ऐकू नका, घरीच ठेवा, उगाच तो दाराखाली लावून बघाल आणि तो चिकटणार नाही आणि तुम्हाला कळेल की इथे पत्राच नाहीये, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय. विकणारा म्हणेल उभी केली तेव्हा चालू होती. हे अजिबात खोटं नसतं, फक्त कधी उभी केली ते विचारायचं नसतं. जाहिरातीत ‘थोडं वेल्डिंग’ लिहिलेलं असेल तर हळदीकुंकवाला जाताना ‘थोडा वेळ जाऊन येते’ म्हणतात त्यातलंच ते थोडं.

माझी १९६९ ची आहे. आणली त्या शनिवारी मी दाराखालच्या सिलवर स्क्रूड्रायव्हर सहज टेकवला, डॉक्टर पोटावर बोट टेकवून इथे दुखतं का विचारतात ना तेवढाच, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर पेपरचा लगदा आला. आधीच्या कोणा मालकाने भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी थापली होती. एका तुकड्यावर क्रिकेटचा स्कोअर होता, तीन विकेटपर्यंत वाचता आला, पुढचं गंजात गेलं. मी तो तुकडा जपून ठेवलाय, कारण गाडीबरोबर मिळालेल्या सर्व्हिस हिस्टरीतला तेवढा एकच कागद खरा निघाला.

तर सिलबद्दल. एमजीबीला वेगळी चॅसी नसते आणि रोडस्टरला छप्परही नाही, म्हणजे पुढची अर्धी गाडी आणि मागची अर्धी गाडी यांचा संसार टिकलाय तो मुख्यतः या दोन सिलवर. आणि सिल म्हणजे काही एक पत्रा नव्हे, बाहेरचा वेगळा, आतला वेगळा, मध्ये एक उभा पडदा, खाली कॅसल रेल नावाची पट्टी, पाणी येऊन राहायला अगदी वाडा बांधून दिलाय. हे कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप वेल्ड करून आधार द्यायचा असतो. सगळे सांगतात. मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं एकाच बाजूचा तर कापायचाय. ग्राइंडरने डावा सिल कापला, हात धुतले, चहा प्यायला गेलो, पंचवीस मिनिटांनी आलो आणि दार लावायला गेलो तर लागेना. मला आधी वाटलं बिजागरी अडकली. मग वरची फट बघितली, सकाळी तिच्यात करंगळी जात होती, आता नख जाईना. गाडी मधोमध खाली बसली होती, जुनी बाज बसते तशी. मी आत गेलो आणि अजून एक कप चहा घेतला.

हे तुम्हीही करा असा माझा आग्रह आहे. कारण जॅक लावून, दोरी लावून, देवाचं नाव घेऊन ती फट परत आणण्यात माझा अख्खा हिवाळा गेला आणि तेवढे दिवस मी डिशवॉशरकडे फिरकलो नाही. अर्थात ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी १९८८ पासून या गाडीची नवी कोरी बॉडीसुद्धा बनते, मूळच्या साच्यांवर दाबून काढलेली. ती घ्या, मग गिअरबॉक्स नवा घ्या, सीट नव्या, वायरिंग नवी. शेवटी जुनं काय उरतं तर नंबर प्लेट आणि तुम्ही.

हत्यारांचा सल्ला फुकट देतो. नट-बोल्ट सगळे इंचातले, सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश असे. तुमच्याकडे मिलिमीटरचे पाने आहेत, तेच वापरा. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, जवळजवळ बसतो. त्या ‘जवळजवळ’मुळेच नटाचे कोपरे गोल होतात, मग तो नट निघत नाही, मग तो गरम करावा लागतो, मग शेजारचा रबरी पाइप वितळतो आणि मग पार्सल मागवावं लागतं. पार्सलवाला आता आमच्याकडे चहाला थांबतो, त्याच्या मुलीला कुठल्या शाळेत घातलंय ते मला माहितीये.

आणि इथे खरी गंमत आहे. तुम्हाला वाटतं तुम्ही रिटायर झालात. पंधरा दिवसांत गॅरेजच्या भिंतीवर चार्ट लागतो. मी तर एक्सेल शीट केली, तिच्यात ‘अपेक्षित तारीख’ असा रकाना, आणि तो दर महिन्याला पुढे ढकलायचो, अगदी नोकरीत ढकलायचो तसाच, तेव्हा त्याचा पगार मिळायचा आणि आता मी देतो एवढाच फरक. सप्लायरशी भांडण आहे, चुकीचा माल परत पाठवणं आहे, साडेदहाचा चहा आहे. बॉस किचनच्या खिडकीतून विचारतात, “अहो, झालं का?” आणि आपण म्हणतो, “पार्टची वाट बघतोय.” तीस वर्षं तोंडात बसलेलं उत्तर, एक मात्रा बदलावी लागली नाही.

पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगितलं एमजी घेतलीय, तर म्हणतो, “वा मामा, हेक्टर का?” त्याच्या दृष्टीने एमजी म्हणजे गुजरातेत हलोलला बनते ती. मी म्हटलं अरे बाबा, ही मॉरिस गॅरेजेसची, पन्नाशी उलटलेली. तो म्हणाला मग एक्स्चेंज बोनस मिळेल का.

पण त्याला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो, कारण घरी पटवायला हा मुद्दा उपयोगी पडतो. हिचं इंजिन बी-सिरीजचं, १७९८ सीसी. आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच खानदानातलं, सख्खा चुलतभाऊ म्हणा. माझे वडील सातारला बांधकाम खात्यात होते, साहेबांच्या अँबॅसिडरचं बॉनेट उघडून ड्रायव्हरकाका डिपस्टिक पँटला पुसायचे तेव्हा मी टाचा उंचावून आत बघायचो. इथे पहिल्यांदा या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत तेच सगळं, तसाच लोखंडी ब्लॉक, तोच गरम ऑइलचा वास. म्हणजे तीस वर्षं परदेशात काढून, घर विकून मोठं घर घेऊन, माणूस शेवटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणून विकत काय घेतो तर कलेक्टरसाहेबांची गाडी, दोन दारं कमी आणि छप्पर कापलेली. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग निदान लाल दिवा तरी लावा.”

कार्बोरेटर दोन असतात, आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. यासाठी मशीन मिळतं पण ते घेऊ नका. रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्हीकडचा सूंऽऽ आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फिरवायचा. तानपुरे जुळवायचं काम आहे. एक जुळला की दुसरा उतरतो, दुसरा चढवला की पहिला रुसतो, आणि ज्याच्या कानात गाणं नाही त्याने इथे बसू नये. शेजारच्या इंग्लिश आजोबांनी मला कुंपणावरून नळी कानात घालून डोळे मिटून मान हलवताना पाहिलं आणि त्यांच्या मिसेसने त्या संध्याकाळी आमच्या हिला फोन करून घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

सरकारचं मात्र मानलं पाहिजे. गाडी चाळीस वर्षांची झाली की हिस्टॉरिक म्हणून रोड टॅक्स माफ, आणि मे २०१८ पासून फार बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही लागत नाही. म्हणजे जिचा सिल मी बांधला, ब्रेक मी बसवले, तिला तपासायची गरज नाही असं सरकारचं मत आहे. उलट तुम्ही सत्तरीला पोचलात की लायसन्स दर ३ वर्षांनी रिन्यू करा. कोण जास्त भरवशाचं आहे ते त्यांनी बरोबर ओळखलंय.

पेट्रोल मात्र साधं घालू नका, २०२१ पासून इथे साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुने रबरी पाइप खातं, म्हणून महागातलं घाला. अर्थात आत्तापर्यंत महागातलं काही घालायचं शिल्लक असेल तर.

आता चालवायचं. इथपर्यंत बरेच जण येतच नाहीत, मला ४ वर्षं लागली. मागच्या गणपतीत आम्ही मंडळाच्या आरतीला गाडीने निघालो, ऊन होतं, छप्पर उघडं, ही पैठणी नेसून शेजारी, मांडीवर एकावन्न मोदकांचा डबा, मागून येणारी पोरं अंगठा दाखवून जातायत. मोठ्या राउंडअबाउटवर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पेट्रोलचा पंप, रस्त्यावरचा नव्हे, गाडीतला. तो मागच्या उजव्या चाकाजवळ पोटाखाली असतो, विजेवर चालतो, त्याच्या आतले पॉइंट जुने झाले की चिकटतात, मग त्याला बाहेरून टोला द्यावा लागतो. किल्ली फिरवली की टक-टक-टक ऐकू आलं पाहिजे. येत नव्हतं. मागे व्हॅनवाला हॉर्न देतोय, मी मॅन्युअल काढायला ग्लोव्ह बॉक्स उघडतोय, तेवढ्यात डबा माझ्या मांडीवर आला आणि हिचं दार उघडलं. डिकीचा आवाज. आरशात बघितलं तर पैठणीचा पदर कमरेला खोचून ही चाकाजवळ उकिडवी बसलेली आणि हातात लाटणं. दोन टोले. टक-टक-टक-टक.

परत येऊन बसली, डबा घेतला, म्हणाली, “चला, मोदक गार होतायत.”

लाटणं तिने केव्हापासून डिकीत ठेवलं होतं ते मी विचारलं नाही. पोळ्यांसाठी घरात दुसरं आलेलं आहे हे मात्र मला त्या रात्री कळलं.