मोडलेल्या सीडर पट्ट्यांच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. 17 फुटी कॅनोसाठी (वल्ह्याच्या अरुंद होडीसाठी) नेलेल्या सीडर लाकडाच्या 70 पट्ट्यांपैकी 6 नाळेपाशी, म्हणजे होडीच्या टोकाशी, वळवताना मोडल्या आणि तुमचं काम अडलं, त्याबद्दल माफी मागतो. रंग एकसारखा नाही म्हणता, तर लाल सीडर एकाच फळीत पिवळसर ते चॉकलेटी असतं. सुट्ट्या पट्ट्या मांडून रंग जुळवूनच त्या साच्यांवर चढवतात.

पण ‘कुजकं लाकूड गळ्यात मारलं’ हे काही पटत नाही. कुजलेलं लाकूड खडूसारखं आखूड तुटतं. तुमच्याच फोटोत मोडीला लांब धसकटं आहेत! दोन पट्ट्यांत लाकडाची रेषा कडेबाहेर तिरकी पळालेली दिसते, तिथे मोडणारच. त्या निवडीतून सुटल्या, ही चूक आमची. उरलेल्या चार मात्र सरळ रेषेच्या आहेत. चपट्या कापाच्या (खोडाच्या वलयांना समांतर चिरलेल्या) फळीच्या कडेवरून पट्टी काढली की तिच्या रुंद बाजूवर उभ्या, एकमेकींना लागून रेषा येतात आणि रंधा मारताना ती उखडत नाही. आम्ही तशाच काढतो.

मग त्या चार का मोडल्या? फोटोत गठ्ठा हीटरशेजारी भिंतीला उभा टेकवलाय. लाकूड तिथे कडकडीत वाळतं, वर बाकही धरतं. पट्ट्या आडव्या, दर दोन-तीन फुटांवर आधार देऊन ठेवायच्या असतात. त्यात 6 मिमी जाडीची पट्टी दीड-दोन फुटांत पाव फेरा पिळायची, तीही कोरडीच! तिथे गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचं किंवा हीट गन फिरवायची, पट्टी हळूहळू बसवायची आणि ओली केली असेल तर पूर्ण वाळल्यावरच गोंद लावायचा.

टोकांसाठी पांढरं सीडर घ्या, ते जास्त लवतं, असं ऑर्डर घेतानाच सुचवलं होतं. त्याचं झाड लहान, गाठी जास्त, लांब पट्टी क्वचित मिळते, म्हणजे सांधे वाढतात. सांधे नकोत म्हणून लाल सीडर तुम्हीच निवडलंत. खरं तर सांधे एका रेघेत न येऊ देता मागेपुढे ठेवले की चालतात, ताकद होडीच्या आतबाहेर चढवलेल्या फायबरग्लासमधून येते.

सहाही पट्ट्या बदलून देतो, वाहतूक आमच्याकडे. निवड आणखी बारकाईने करू, ठेवण्याच्या सूचनाही गठ्ठ्याला जोडायचं बघतो. अभिप्रायात तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, त्यातलं ‘कुजकं’ तेवढं काढा.