झाड मध्ये येतंय

रात्री अकरा चाळीसला क्लायंटची व्हॉइस नोट, त्याच्या गेमच्या खोक्यासाठी मी काढतेय त्या चित्राबद्दल. एक मिनिट बावन्न सेकंदांची. त्यातलं पहिलं सव्वा मिनिट नुसतं कौतुक. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. क्लायंट सव्वा मिनिट कौतुक करतो तेव्हा पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते तुम्हाला मी काय सांगू.

"मॅडम, सुपर्ब झालंय. कलर्स तर काय, एक नंबर. फक्त ना, ते झाड जरा मध्ये येतंय. ते काढून टाकू या? आणि तिथे लायटनिंग टाकू या, दोघांच्या मधोमध. एकदम एपिक वाटेल."

टाकू या म्हणे! जसा काही हा येणारे माझ्या शेजारी बसून स्टायलस धरायला.

अहो, झाड मध्ये येतंय कारण भांडणच झाडावरून आहे! ग्रीक देवी अथेना आणि तिचा काका, समुद्राचा देव पोसायडन, अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर उभे आहेत. शहर कुणाच्या नावावर लागणार याचा निकाल व्हायचाय. काकाने खडकावर त्रिशूळ हाणून खारं पाणी काढलंय, पुतणीने ऑलिव्ह लावलंय आणि ऑलिव्ह जिंकलंय. संपलं. एवढंच चित्र आहे ते. त्यातून झाड काढलं तर उरतं काय? एक उघडा दाढीवाला आणि एक हेल्मेटवाली बाई, सिग्नलला गाडी घासली म्हणून एकमेकांकडे बघतायत. रविवर्म्याला कुणी जाऊन सांगितलं असतं का, की दमयंती छानच आलीये हो, फक्त तो हंस तेवढा मध्ये येतोय?

चौदा तास दिलेत मी त्या झाडाला. पानांचे तयार ब्रश मिळतात, एक फराटा मारला की जंगल उभं. नाही वापरले. का, तर ऑलिव्हचं पान वरून करडं हिरवं असतं आणि खालून चंदेरी. वारा सुटला की झाडभर ती चांदी उलटीपालटी होते. आणि समोर समुद्राचा देव खवळून उभा असताना वारा असणार की नाही? म्हणून एकेक पान हाताने. प्रत्येकाचा कल वाऱ्याकडे. बुंधा पिळून ठेवलेल्या चादरीसारखा. एकट्या झाडाचे सदतीस लेअर, एकावर एक रचलेले थर. टॅबलेट असा तापला होता की त्यावर पापड भाजला असता.

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सिस याच्या फौजेने ॲक्रोपोलिस जाळलं, त्यात ते देवीचं ऑलिव्हही जळलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, दुसऱ्या दिवशी लोक वर जाऊन बघतात तर खुंटाला हातभर कोंब फुटलेला. झर्क्सिसच्या अख्ख्या सैन्याला जे झाड संपवता आलं नाही ते या गृहस्थाने जेवणानंतर दात कोरता कोरता संपवलं. (ऐकू येतं हो. फोन तोंडाशी धरून बोललं की सगळं ऐकू येतं.)

बरं, झाड काढून काय, तर लायटनिंग. अरे पण वीज कुणाची? देवांच्या राजाची, झ्यूसची ना? तो या भांडणात उभा तरी आहे का? ग्रीक देव ओळखायचा असतो तो हातातल्या वस्तूवरून. दाढ्या सगळ्यांच्या सारख्याच. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात काशाचा एक देव आहे, दोन मीटर नऊ सेंटिमीटर उंच. आर्टेमिसिअनच्या भूशिराजवळ समुद्रात सापडला, आधी १९२६ मध्ये हात आणि मग १९२८ मध्ये बाकीचा. डावा हात पुढे ताणलेला, उजव्या हाताने काहीतरी फेकण्याच्या बेतात. ते 'काहीतरी' तेवढं गायब. एवढ्यावरून मोठमोठे विद्वान अजून वाद घालतायत, वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. त्या बिचाऱ्यांकडे वस्तू नाही म्हणून पंचाईत. माझ्याकडे आहे! चांगला तीन टोकांचा, पाणी निथळणारा त्रिशूळ आहे. तर तिसऱ्या फेरीत काय फर्मान आलं होतं? "त्रिशूळ नको मॅडम, पब्लिक शंकर समजेल."

तेव्हा कशीबशी समजूत काढली. आता बघते तर आजच्या नोटमध्ये शेवटी पुटपुटल्यासारखं आहेच, "वाटलं तर त्याच्या हातातूनच वीज निघतेय असं दाखवा." म्हणजे झ्यूसच करून टाका त्याचा. मग अथेनासमोर तिचा बापच उभा राहील. तिला ज्याने डोक्यातून जन्म दिला तो. मग भांडण कसलं, पालकसभा होईल ती.

आणि आता निघालाच आहे विषय तर पहिल्यापासूनच सांगते. सुरुवातीलाच याने 'रेफरन्स' पाठवला होता. अर्थातच एआयने काढलेला. त्रिशूळाला टोकं किती? पाच! नावातच 'त्रि' आहे, मोजायचेही कष्ट नाहीत, तरी पाच. ताक घुसळायची रवी घेऊन देव समुद्रातून बाहेर आलाय. अथेनाच्या खांद्यावर घुबड आणि त्या घुबडाला दात. मी झूम करकरून पाहिलं. दातच होते. वर निरोप, "असंच पाहिजे, पण ओरिजिनल." या एका वाक्यावर मला कुणीतरी डॉक्टरेट द्यावी.

दुसऱ्या फेरीत चिलखत. "थोडं ग्लॅमरस करा ना." म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे त्याने पुन्हा एआयच्या चित्रावर लाल गोल काढून दाखवलं. युद्धाची देवता आहे ती! तिच्या छातीवर एजिस नावाचं कवच असतं, काठाला साप वळवळतायत, मधोमध मेडुसाचं डोकं. बघणाऱ्याने टरकावं म्हणून असतं ते. आणि याला पोट दिसायला हवंय. ते जे चिलखत त्याने सुचवलं होतं ना, त्यातून भाला राहू दे, डोंबिवलीचा डासही अडला नसता.

मग म्हणे अथेनाने किंचित स्माइल द्यावं. सख्खा काका गावावर हक्क सांगायला आलाय आणि हिने स्माइल द्यायचं. का, रिसेप्शनला बसलीये?

मग म्हणे कातडी संगमरवरासारखी पांढरी हवी, 'ऑथेंटिक' वाटते. इथे माझं डोकं कायमच फिरतं, त्यात या बिचाऱ्याचा एकट्याचा दोष नाही. ग्रीकांचे पुतळे रंगवलेले असायचे हो! लाल, निळे, डोळ्यांत बुबुळं, ओठांना रंग, कपड्यांवर नक्षी. अडीच हजार वर्षांत रंग उडाला आणि आपण त्या उडालेल्या रंगाला अभिरुची म्हणतो. घराबाहेरचा जुना फ्रिज उन्हात पांढरा पडला तर त्याला कुणी अभिजात म्हणेल का?

खरा राग कशाचा आहे सांगू? या देवांची भांडणं मुळात इतकी घरगुती आहेत, इतकी क्षुद्र आणि म्हणून इतकी मजेदार, की ती काढायला मिळावीत म्हणून मी या धंद्यात पडले. आणि प्रत्येकाला हवे असतात सिक्स पॅक, चमकणारे डोळे आणि मागे आग. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात देवांची हाणामारी आहे. झ्यूसची बायको हेरा एका हाताने त्याच्या पोरीची, आर्टेमिसची, दोन्ही मनगटं धरते, दुसऱ्या हाताने तिचंच धनुष्य ओढून घेते आणि त्यानेच तिच्या कानांवर हाणते. हसत हसत! भात्यातले बाण भसाभस खाली. पोरगी रडत पळते ती थेट बापाच्या मांडीवर. आणि मागे तिची आई, लेटो, धुळीत वाकून पोरीचं धनुष्य-बाण गोळा करतेय. ती वाकलेली लेटो! सहा वर्षं ते चित्र माझ्या डोक्यात आहे. त्याला कुणी पैसे देत नाही. सगळ्यांना युद्धाचा देव आरेस हवा, भिंतीसारखा रुंद. तो आरेस, जो डायोमिडीस या ग्रीक योद्ध्याचा भाला लागल्यावर नऊ-दहा हजार माणसांएवढा किंचाळला आणि चुगली करायला घरी गेला.

आमच्या आईला यातलं काही माहीत नाही. ती मागून चहा ठेवायला आली, स्क्रीनकडे पाहिलं, म्हणाली, "हा कोळी कोण गं?" मी भडकणार होते, मग लक्षात आलं की बाई बरोबर बोलतेय. त्रिशूळ हे मुळात मासे मारायचंच हत्यार. मग गोष्ट सांगितली. काका, पुतणी, जागेचा वाद. आई म्हणाली, "म्हणजे भाऊबंदकी. मग काकाने निकाल मानला का?" कुठला मानतोय! निकाल विरुद्ध गेल्यावर अथेन्सजवळचं थ्रिआचं मैदान पाण्याखाली घातलं त्याने. आई म्हणाली, "काकाच तो." पेशव्यांच्या राज्यात 'काका, मला वाचवा' ऐकलेली आपली जात, आपल्याला हे चित्र झाडासकट दोन सेकंदांत कळतं. गेम विकणाऱ्याला अकरा फेऱ्यांत कळलं नाही.

(वॅरो या रोमन लेखकाने सांगितलेली हकीकत आईला मुद्दाम सांगितली नाही. त्यात निकाल मतदानाने लागतो. बायका एका मताने जास्त भरतात आणि अथेना जिंकते. पूर आल्यावर पुरुष शिक्षा कुणाला करतात? बायकांना. मताचा हक्क गेला, मुलांना आईचं नाव लावणं बंद. हे ऐकून आई सोसायटीच्या मीटिंगवर घसरली असती आणि मग रात्र गेली असती.)

तिकडे दादा. "एआयला सांग ना, पाच सेकंदांत देईल." देईल. पाच टोकांचा देईल. गणपतीत मंडळाचा बॅनर करताना मात्र यांना एआय आठवत नाही, तेव्हा मी आठवते. "तुझं काय, पाच मिनिटांचं काम." त्या पाच-पाच मिनिटांचे पैसे घेतले असते तर आज अथेन्सला जाऊन खरं ऑलिव्ह बघून आले असते.

हं. आता इथे जरा गप्प बसते, कारण आवाज फार चढलाय आणि एक गोष्ट कबूल करायचीये. मी ऑलिव्हचं झाड प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. माझी ओळख पिझ्झावरच्या काळ्या चकत्यांपर्यंतच. या झाडाचा पहिला खर्डा बघून आईने विचारलं होतं, "शेवगा कशाला काढलास?" चौदांतले पाच तास शेवग्याचा ऑलिव्ह करण्यात गेलेत.

आणि दुसरी गोष्ट. त्या नोटनंतर त्याला खोटं पाडायचंच म्हणून मी पुरावे काढले. केर्चला सापडलेला हायड्रिया, म्हणजे पाण्याचा घडा, रशियातल्या हर्मिटेज संग्रहालयातला, त्यावर हेच भांडण आहे आणि मधोमध झाडच आहे. छान. मग पार्थेनॉन, म्हणजे ॲक्रोपोलिसवरचं अथेनाचं देऊळ, त्याच्या छपराखालचा पश्चिमेचा त्रिकोण, तिथेही हाच प्रसंग कोरला होता. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफांनी पार्थेनॉन उडालं, त्यानंतर मोरोसिनी या सेनापतीने पोसायडनचा पुतळा आणि अथेनाच्या रथाचे घोडे विजयचिन्ह म्हणून उतरवायला घेतले, तर ते खाली पडून फुटले. पोसायडनच्या धडाचे तुकडे अथेन्स आणि लंडनमध्ये वाटलेले. म्हणजे हे चित्र मी पहिलीच बिघडवणार नाहीये, एवढं समाधान. शेवटी माझं चित्र खोक्यावर छापतात त्या मापाला लहान करून पाहिलं. त्याला दाखवायला, की बघ, झाड किती उठून दिसतं.

झाड कोथिंबिरीची जुडी दिसत होतं. देवाशपथ. मधोमध कोथिंबिरीची जुडी, आणि काका-पुतणी दोन बाजूंनी तिच्या भावावरून घासाघीस करतायत.

मी दहा मिनिटं हसले. मग परत चिडले, कारण तो बरोबर असण्यापेक्षा मी चुकलेली असणं मला जास्त लागतं. मग त्याला चांगला लांबलचक मेसेज लिहिला, थ्रिआचं मैदान बुडेल इतका. त्यात हेरोडोटस घातला, तो काशाचा देव घातला, 'सौंदर्यदृष्टी' हा शब्द तीनदा घातला. मग आठवलं की निम्मे पैसे यायचेत आणि टॅबलेटचा हप्ता पाच तारखेला. सगळं पुसलं. लिहिलं, "ओके सर, बघते."

आता पहाटेचे तीन. सदतीस लेअरचा डोळा मिटलाय, म्हणजे नुसते लपवलेत, डिलीट नाही केलेत, डिलीट माझ्याने होणार नाही. वीज टाकलीये. पोसायडनच्या हातातून नाही हं, मागे ढगात, अंग चोरून. आणि अथेनाच्या पायाशी, खडकाच्या भेगेत, एक कोंब काढलाय. हातभर. चार पानं, त्यातली दोन वाऱ्याने उलटी, चंदेरी.

उद्या नोट येईलच, "मॅडम, खाली ते गवत कसलं आलंय?"